नुकताच तयार झालेला घोडा आणि नवखा स्वार: जोडी जमवायची कशी

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांनी रायडिंग शिकून थोडेच दिवस झालेत आणि आता स्वतःचा घोडा घ्यायचाय किंवा कोणाचा तरी सांभाळायला घ्यायचाय. दुसरे, जे लहानपणी किंवा कॉलेजात मस्त रपेट मारायचे, मग नोकरी, मुलं, पाठदुखी सगळं होऊन गेलं आणि आता परत रिकिबीत पाय घालावासा वाटतोय. मी या दुसऱ्या गटातली. हल्ली पागेत नवीन ट्रेन झालेले घोडे कोणाकडे द्यायचे या चर्चेत पण असते, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात.

पहिला सल्ला सगळे देतात तोच मी पण देणार. जमत असेल तर बारा गावचं पाणी प्यायलेला, दहा-पंधरा वर्षांचा घोडा घ्या. घोडा नवखा आणि वर स्वार पण नवखा म्हणजे आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. पण लोक ऐकत नाहीत हे मला माहितीये, चार वर्षांचा चकचकीत घोडा मान उचलून बघतो आणि समोरचा विरघळतो, मग म्हणतात आम्ही दोघं एकत्र शिकू. अहो, दोघांनाही येत नसेल तर शिकवणार कोण? तरी अशा काही जोड्या खरंच जमतात. ज्या जमतात त्यांच्यात मला एक गोष्ट कायम दिसलीये, त्यांनी आधीच बघून घेतलेलं असतं की घोडा घाबरला की काय करतो आणि स्वार घाबरला की काय करतो. सगळं शांत चाललेलं असताना कोणाचीही जोडी छानच दिसते.

१. आधी स्वाराचं खरं खरं मोजमाप करा

किती वर्षं रायडिंग केलं हे विचारून काही कळत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच रिंगणात, त्याच म्हाताऱ्या घोड्यावर पाच वर्षं बसलेले लोक असतात. त्यापेक्षा हे बघा:

- ट्रॉटमध्ये (म्हणजे दुडक्या चालीत) रिकीब सुटली तर घोडा न थांबवता, खाली न बघता पाय परत घालता येतो का
- रिकिबीशिवाय पाच-दहा मिनिटं ट्रॉट करताना लगाम धरून तोल सावरावा लागतो का
- एका हातात लगाम घेऊन दुसऱ्या हाताने जॅकेटची चेन लावता येते का
- घोडा एकदम बाजूला उडाला तर हात कुठे जातात

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओळखीच्या, जुन्या घोड्यावर बसा आणि कोणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा. मग तो बघताना स्वतःचा चेहरा बघत बसू नका, हात आणि टाचा बघा. माणूस घाबरला की पुढे वाकतो, श्वास धरतो, गुडघे आवळतो, टाचा वर येऊन घोड्याच्या पोटाला लागतात आणि हात लगाम खेचतात. हे सगळ्यांचं होतं, यात लाजण्यासारखं काही नाही. पण घोड्याला त्यातून काय कळतं बघा. टाच लागली म्हणजे चल, लगाम ओढला म्हणजे थांब. दोन्ही एकदम. जुना घोडा म्हणतो हिला काय कळत नाही, आणि आपला चालत राहतो. नव्या घोड्याला मुळात या दोनच गोष्टी नुकत्याच शिकवलेल्या असतात, त्या दोन्ही एकाच वेळी आल्या की त्याच्याकडे उत्तरच नसतं, मग तो उसळी मारतो किंवा मागच्या पायांवर उभा राहतो किंवा सरळ उधळतो.

परत आलेल्या स्वारांसाठी थोडं वेगळं. आपल्याला सगळं आठवत असतं, हीच तर अडचण. डोक्यात सोळाव्या वर्षीचा कँटर (ट्रॉटपेक्षा वेगाची चाल) असतो पण पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू आजच्या वयाचे असतात. शिवाय तेव्हा पडायची भीती नव्हती, आता पडलो तर घरी कोण बघणार हा विचार घोड्यावर चढायच्या आधीच पोटात गोळा आणतो. ही भीती लपवू नका, ज्याच्याकडून घोडा घेताय त्याला आणि ट्रेनरला स्पष्ट सांगा. घोडा शोधायच्या आधी निदान दोन-तीन महिने जुन्या घोड्यावर नियमित क्लास लावा. बीपी, गुडघे, मणके, रक्त पातळ करायच्या गोळ्या असलं काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मांड पक्की झाली की भीती आपोआप थोडी कमी होते, पूर्ण नाही जात, पण चालतं.

२. ट्रेन झालाय म्हणजे नक्की किती झालाय

जाहिरातीत लिहिलेलं असतं ९० दिवसांचं ट्रेनिंग पूर्ण. ते खरं पण असेल. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच की एका कसलेल्या माणसाच्या हाताखाली, ओळखीच्या जागी, घोडा चालतो, ट्रॉट करतो, थोडा कँटर करतो, थांबतो आणि वळतो. त्यावरून तुमच्या हाताखाली काय करेल हे कळत नाही, कारण चांगला ट्रेनर घोड्याने बरोबर उत्तर दिलं की त्याच क्षणी दाब सोडतो, आणि तो सुटलेला दाब म्हणजेच घोड्यासाठी शाबासकी. नवखा स्वार दोन सेकंद उशिरा सोडतो. एवढ्यात घोडा तिसरंच काहीतरी करत असतो आणि त्याला वाटतं याचीच शाबासकी मिळाली. काही आठवड्यांत छान शिकलेला घोडा गोंधळून जातो तो असा.

म्हणून हे प्रश्न विचारा: आतापर्यंत वेगवेगळे किती जण त्याच्यावर बसलेत? त्यात कच्चा स्वार कोणी होता का? एकटा, बाकीचे घोडे नसताना, बाहेर गेलाय का? गाडी, कुत्रा, सायकल, पाऊस, वारा बघितलाय का? दोन आठवडे सुट्टी दिल्यावर परत पहिल्या दिवशी कसा असतो? हा सुट्टीचा प्रश्न सोन्यासारखा आहे, कारण नोकरी करणाऱ्या माणसाकडे घोड्याला सुट्टी मिळणारच.

आणि एक, वय आणि ट्रेनिंग वेगळं धरा. बारा वर्षांची घोडी जर आयुष्यभर नुसती चरत असेल आणि आता दोन महिन्यांपूर्वी तिच्यावर पहिल्यांदा सॅडल चढला असेल तर ती पण नवखीच.

३. स्वभाव बघायचा तो असा

बुजत नाही असा घोडा नसतो. घोड्याला जवळपास ३५० अंश दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळ आणि बरोबर शेपटीमागे दिसत नाही, त्यामुळे दूरवर मागे काही हललं तरी त्याला ते कळतं आणि आधी पळ मग विचार कर हीच त्याची रीत. म्हणून कोणी म्हणालं आमचा घोडा कशालाच घाबरत नाही तर मी पुढचं ऐकत नाही.

बघायचं हे की घाबरून परत किती लवकर जाग्यावर येतो. आमच्याकडे एक घोडी होती, चारची. कुंपणावरची ताडपत्री वाऱ्याने फडफडली की ती दोन पावलं आडवी उडायची, थांबायची, नाकातून मोठ्ठा फुर्र करायची, मग मान लांब करून ताडपत्रीकडेच चालायला लागायची वास घ्यायला. अर्ध्या मिनिटात कान सैल, जबडा हलतोय, विषय संपला. दुसरा एक घोडा ताडपत्री फडफडली तरी हलायचा नाही, आणि बघणारे सगळे त्याच्यावर खूश. पण जवळ जाऊन बघितलं तर नाकपुड्या ताणलेल्या, ओठ आवळलेला, मान लाकडासारखी आणि श्वास जवळजवळ बंद. असा घोडा एक, दोन, तीन गोष्टी गिळतो आणि चौथ्या वेळी साधं पान पडलं तरी फुटतो. नवख्या माणसाला पहिली घोडी द्यायची, दुसरा घोडा अजिबात नाही.

तुम्ही पण हे करून बघू शकता, मालकाला विचारून आणि खाली उभं राहून. छत्री लांबून उघडा, रेनकोट खाली टाका, बादली थोडी सरकवा. एका बाजूने झालं की दुसऱ्या बाजूने पण करा, कारण जाताना डावीकडून बघितलेली वस्तू येताना उजवीकडून दिसली की पुष्कळ घोडे नव्याने दचकतात. घोडा उडाला यावर मार्क कापू नका. किती वेळात मान खाली आली, आणि माणसाच्या अंगावर धावून आला का माणसाला जागा सोडून उडाला, ते बघा. घाबरल्यावर माणूस आहे हे विसरणारा घोडा नवख्यासाठी नाही.

आळशी आणि शांत यात पण फरक आहे. आळशी घोडा सुरुवातीला बरा वाटतो, पण सारखी टाच मारून मारून स्वाराचे पाय बिघडतात आणि एक दिवस घोडा वैतागून पाठ कमान करतो. हलकीशी टाच लावली की निघतो आणि श्वास सोडून बैठक जड केली की थांबतो, असा हवा.

४. वजन, हाडं, दात

हे पटकन सांगते. २००८ साली अमेरिकेत ओहायोमध्ये ८ घोड्यांवर वेगवेगळी वजनं ठेवून बघितलं होतं, तेव्हा घोड्याच्या वजनाच्या २५ आणि ३० टक्के भार झाल्यावर स्नायू दुखण्याची लक्षणं जास्त दिसली. त्यामुळे २० टक्क्यांचा आकडा बरेच जण धरतात, सामानासकट. ते पूर्ण वाढलेले घोडे होते हे मात्र लोक विसरतात. वाढत्या घोड्यासाठी मी १५ च्या आसपास थांबते. म्हणजे ४५० किलोच्या घोड्यावर सॅडल धरून साधारण ६७ किलो, आणि सॅडलच ५-६ किलो असतो, वेस्टर्न असेल तर १५ पर्यंत जातो. त्यात बसत नसाल तर मोठ्या बांध्याचा किंवा पूर्ण वाढलेला घोडा बघा. तोल नसलेला हलका माणूस पाठीवर आपटत असेल तर तो पण घोड्याला जडच पडतो.

पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, पाय त्याच्या बरेच आधी पक्के होतात. त्यामुळे चार वर्षांचा घोडा उभा राहिलेला पूर्ण मोठा दिसतो आणि आपण फसतो.

दातांचं तर कोणी बोलतच नाही. पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना बदलतात, मागचे पण याच काळात. म्हणजे तुम्ही घोडा घेताय नेमक्या त्याच वयात त्याचं तोंड दुखत असतं. काल लगाम नीट घेणारा घोडा आज मान झटकतोय, तर हट्टीपणा म्हणायच्या आधी तोंड तपासून घ्या.

५. बघायला जाल त्या दिवशीचा क्रम

एकटं जायचं नाही. जिला किंवा ज्याला तुमचं रायडिंग माहितीये असा अनुभवी माणूस बरोबर हवा, आणि तो विकणाऱ्याचा मित्र नको.

आधीच सांगून ठेवा की आम्ही यायच्या आधी घोड्याला काढू नका, खरारा पण करू नका. आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. घामेजलेली पाठ, तंगाच्या (सॅडल पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या) जागी ओले केस, रिंगणात ताजा गोल रस्ता दिसला तर समजायचं तासभर गोल पळवून दमवून ठेवलाय. दमलेला कुठलाही घोडा शहाणाच वाटतो.

मग या क्रमाने:

1. मोकळ्यात पकडताना बघा. पळतो, पाठ फिरवतो का स्वतःहून येतो.
2. बांधून खरारा, चारही पाय उचलणं, तंग आवळणं. तंग आवळताना कान मागे, चावायला मान, पोट फुगवणं हे दिसलं तर सॅडल बोचतोय किंवा पोटाचं काही दुखणं असू शकतं, लिहून ठेवा.
3. आधी मालक किंवा त्यांचा माणूस बसेल. आज पाठ दुखतेय, आज बसत नाही म्हणाले तर तुम्ही पण बसू नका, चहा घ्या आणि निघा.
4. मग तुमचा अनुभवी माणूस.
5. शेवटी तुम्ही, बंद रिंगणात. चढताना घोडा उभा राहतो का बघा. चालवा, थांबवा, दोन्हीकडे वळवा. बरं वाटलं तर ट्रॉट. पहिल्या दिवशी कँटर केलाच पाहिजे असा काही नियम नाही, कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा.

आवडला तरी त्याच दिवशी हो म्हणू नका. दुसऱ्या वेळी वेगळ्या वेळेला जा, शक्यतो वारा असताना, आणि बाकीच्या घोड्यांपासून लांब नेऊन बघा.

६. कागदपत्रं आणि डॉक्टर

- ओळखपत्र किंवा पासपोर्ट, आणि मायक्रोचिप असेल तर १५ आकडी नंबर स्कॅन करून जुळतो का ते
- मालकीचा पुरावा, विकणारा खरंच मालक आहे ना
- लसीकरण, निदान धनुर्वात आणि इन्फ्लूएन्झा, तारखांसकट
- जंतांच्या औषधाची, नालबंदाची आणि दातांची नोंद
- ट्रेनरची नोंदवही, नसेल तर ट्रेनरशी थेट फोनवर बोलणं
- लेखी करार, त्यात ट्रायलच्या (पक्कं करायच्या आधी घोडा काही दिवस वापरून बघायच्या) आणि परत देण्याच्या अटी

तपासणीला पशुवैद्यक तुमच्या बाजूचा घ्या, नेहमी त्या घोड्याला बघणारा नको. हृदय, फुप्फुसं, डोळे, पाय वाकवून ट्रॉट हे सगळं होतंच. शिवाय त्याच वेळी रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा, शांत करणारं किंवा वेदना दाबणारं औषध दिलं असेल तर त्यातून कळू शकतं. विकणारा यावर चिडला तर का चिडला याचा विचार करा.

७. सामान

हेल्मेट घोडेस्वारीचंच, सायकलचं नाही, आणि एकदा पडताना आपटलं की बदलायचं, बाहेरून चांगलं दिसलं तरी. छोटी टाच असलेले बूट, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पडल्यावर पाय मोकळा करणारी सेफ्टी रिकीब. छाती-पाठीचं संरक्षक जॅकेट.

आणि घोड्याच्या गळ्यात एक साधा पट्टा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. घोडा उडाला की तोल सावरायला हात काहीतरी धरणारच, मग लगामाऐवजी पट्टा धरला की घोड्याच्या तोंडाला हिसका बसत नाही. एक बोट कायम पट्ट्यात अडकवून ठेवायची सवय लावा.

तरुण घोड्याची पाठ काही महिन्यांत आकार बदलते, त्यामुळे आज बसणारा सॅडल दर दोन-तीन महिन्यांनी परत तपासा.

८. ट्रायल

दोन ते चार आठवडे मिळाले तर उत्तम. तो कुठे राहणार, कोण कोण बसणार, आजारी पडला किंवा लागलं तर खर्च कोणाचा, सगळं कागदावर. मालक घोडा बाहेर द्यायला तयार नसेल तर तुम्ही रोज त्यांच्याकडे जा, त्याला तरी ते हो म्हणाले पाहिजेत.

९. पहिले तीन महिने

घोडा नवीन जागी आला की पहिले काही दिवस नुसतं हाताळा. खरारा, चालवणं, जागा दाखवणं. त्याचे सोबती तुटलेले असतात, पाणी-चारा बदललेला असतो.

नंतर बऱ्याच जणांचं असं होतं की सुरुवातीला सगळं गोड चालतं, आणि तीन-चार आठवड्यांनी घोडा विचारायला लागतो की खरंच थांबायचं का, खरंच या कोपऱ्यात जायचं का. लोकांना वाटतं घोडा बिघडला. बिघडलेला नसतो, तो आता रुळलाय आणि तुमची भाषा थोडी वेगळी आहे हे त्याला कळलंय. या काळासाठीच आठवड्यातून निदान दोन दिवस ट्रेनरने बसायचं आधीच ठरवून ठेवा. जोडी दोघांची म्हणतात पण पहिलं वर्षभर ती तिघांची असते, आणि तिसऱ्या माणसाचं बजेट नसेल तर नवखा घोडा घेऊ नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

तुमची रपेट २०-३० मिनिटं पुरे. बसायच्या आधी खालून हाताळा: मागे हो, बाजूला हो, थांब. आज खालूनच ऐकत नसेल तर वर बसायची घाई नको. वारा आहे, शेजारी बांधकाम चालू आहे आणि सोबतचा घोडा बाहेर गेलाय, अशा तीन गोष्टी एकदम असतील तर त्या दिवशी चढू नका.

खुराकाकडे डोळ्यात तेल घालून बघा. हलकं काम करणाऱ्या घोड्याला मुख्य चारा-गवतच लागतं, वाळलेलं धरून रोज वजनाच्या साधारण १.५ ते २ टक्के. प्रेमापोटी धान्य वाढवायचं, दिवसभर तबेल्यात कोंडून ठेवायचं आणि संध्याकाळी म्हणायचं हा एवढा का उड्या मारतो, हे मी फार बघते. मोकळं फिरू द्या. खुरांचं काम दर सहा ते आठ आठवड्यांनी.

१०. कधी थांबायचं

घोडा एकदा बुजला, तुम्ही एकदा पडलात, एवढ्यावर ठरवू नका. हे मात्र गंभीरपणे घ्या: तंगाला हात लावला की रोज चावायला येणं, चढताना दर वेळी निघून जाणं, एकच खोड आठवड्यागणिक वाढत जाणं. आधी दुखणं तपासा, म्हणजे पाठ, दात, सॅडल, खूर. ते सगळं ठीक असेल आणि ट्रेनरखाली घोडा व्यवस्थित चालत असेल, तर तुमच्या दोघांचं जमत नाहीये.

आणि स्वाराची बाजू. पागेत जायच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, पाऊस पडला की बरं वाटतं की आज बसायला नको, खरारा तासभर चालतो आणि रपेट दहा मिनिटं. हे महिनाभर चाललं असेल तर ट्रेनरशी बोला. कधी कधी घोडा सहा महिने ट्रेनरकडे ठेवून तुम्ही तोवर जुन्या घोड्यावर बसलात तरी जमून जातं. नाहीच जमलं तर करारातली परत देण्याची अट वापरा, किंवा पक्क्या स्वाराचं घर शोधा. देताना रोजची नोंदवही बरोबर द्या, कुठे बुजला, कशाने शांत झाला, कुठला सॅडल बसला, सगळं. पुढच्या माणसाने आधी फोन केला तर त्याला खरं सांगा, त्याचं रायडिंग किती आहे ते पण विचारा.